पबचे दार, विद्यापीठाचे दार
१९९८ साली ब्रिटनमध्ये दोन गोष्टी घडल्या. सरकारने विद्यापीठीय शिक्षणावर शुल्क लादले. आणि लीड्स येथे डंकन डॅलस यांनी 'काफे सिआंतिफीक' हा विज्ञानचर्चेचा उपक्रम सुरू केला. तेव्हापासून तेथील उपाहारगृहांत व पबांत प्राध्यापक विनामूल्य बोलतात, श्रोते बरोबरीच्या नात्याने प्रश्न विचारतात. लंडनमधील 'आयव्ही हाउस'सारखे, रहिवाशांनी २०१३ साली सहकारी तत्त्वावर विकत घेतलेले पब तर अशा व्याख्यानांचे हक्काचे घर ठरावेत. मद्याचा पुरस्कार आम्ही करीत नाही. पण लोक जेथे जमतात तेथे ज्ञानाने गेलेच पाहिजे. मात्र इंग्लंडमध्ये २०१२ साली वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर नेण्यात आली, हे विसरता कामा नये. एका संध्याकाळचे मोफत व्याख्यान म्हणजे मोफत विद्यापीठ नव्हे!