टेलिस्कोप घेताय? आधी इंच विचारा!

पेणजवळच्या जोहे गावी आपण जातो ते गणपतीच्या कारखान्यांत. पावसाळा सरला की एखाद्या अमावास्येच्या वीकेंडला टेलिस्कोप घेऊन जा. मुंबईपेक्षा तिथलं आकाश कितीतरी काळं! फक्त खोक्यावरच्या ‘५२५ एक्स’ला भुलू नका, पैसे थेट माळ्यावर जातील. ६० मिलिमीटरच्या भिंगातून कामाचं मॅग्निफिकेशन मिळतं जेमतेम १२० पट. त्यापुढे शनी मोठा दिसतो, पण धूसर. खरा फंडा व्यासाचा. ६ इंची डॉब्सोनियन बेस्ट: आरसा मोठा, स्टँड साधा. दुकानात उचलून मात्र बघा, बिल्डिंगला लिफ्ट नसेल तर जास्तच! बजेट नाही? १० बाय ५० ची दुर्बीण घ्या. कठड्यावर हात टेकवलेत तर गुरूचे चार मोठे चंद्रही दिसतात. आणि हो, कोकणातली हवा दमट. आरसा ओला असताना झाकण लावलंत, तर बुरशी ठरलेली.