हाडाचा कप



माझ्या लहानपणी कुडव्यातल्या एका हॉटेलात कप दोन जातींचे होते. एक आत, फळीवर. दुसरा बाहेर, खुंटीला अडकवलेला, टवका उडालेला. तो आमचा. बाबा दिवसभर धानाच्या गिरणीत पोती वाहून येत. कप स्वतः काढत. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाला की स्वतःच धुऊन टांगत. पैसे मात्र पुरे. मी एकदा आतल्या कपाला हात लावला, तर माय घाबरून म्हणाली, "बाबू, थो कप आपला नोहोय."

तो कप साध्या चिनी मातीचा. पण बड्या घरच्या कपाटात, काचेमागं जी भारी कपबशी मिरवते, ती कशाची? बोन चायना. नावातच हाड आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात स्टोकच्या जोसाया स्पोडनं तिची कृती पक्की केली. गुराढोरांची हाडं भट्टीत जाळायची, राख दळायची, तीत चिनी माती अन् खडकाची पूड मिसळायची. जवळजवळ निम्मी हाडाचीच राख. म्हणून तो कप एवढा पांढरा, एवढा पातळ, की उजेडापुढं धरला तर पलीकडची बोटं दिसतात.

आता बोला! गावात ढोर मेलं की ओढायचं कोणी? आम्ही. हाडाला हात लावला म्हणून बाटले कोण? आम्हीच. आणि तेच हाड जळून, दळून, सोनेरी काठ लावून आलं की सोवळ्याच्या ओठाला चालतं! म्हणजे विटाळ हाडात नव्हताच. विटाळ वस्तूत कधीच नसतो. तो हुकमात असतो. 1927 साली बाबासाहेबांनी महाडला मृतमांस सोडा म्हणून बजावलं, ते या हुकमाची दोरी कापायला.

हा कप घडवणाराही कपाटात दिसत नाही. मातीची कोरडी धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, सिलिकोसिस होतो, फुप्फुस दगड होतं. कायद्याच्या यादीत हा रोग नोंदलेला आहे. कपाच्या बुडाला छाप कंपनीचा. खोकला कामगाराचा.

कायदा म्हणाल तर 1955 चा आहे. हॉटेलातली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या नावानं कोणी आडवं आलं तर गुन्हा, असं त्यात साफ लिहिलंय. खुंटी गेली. पण शहरातल्या फ्लॅटमध्ये जा. भांडी घासणाऱ्या बाईचा कप आजही वेगळा, खिडकीत उपडा घातलेला. ती सगळ्यांचे कप घासते, अन् तिच्या कपाला कोणी शिवत नाही.

आता कडू बोलतो, रागावू नका. आपल्यातले काही साहेब झाले. शोकेसमध्ये बोन चायनाचा सेट आला. येऊ द्या, आनंद आहे. पण वरच्या जातीचा पाहुणा आला की तो सेट निघतो, अन् नाली साफ करणारा भाऊ दारात आला की जुना स्टीलचा पेला शोधला जातो. ही खुंटी कुणाच्या घरातली? 1956 ला दीक्षाभूमीवर सारी माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली, ती कपाटाला कुलूप लावून?

कार्यकर्त्यांनो, मोर्चाला जाण्याआधी आपल्या घरची फळी तपासा. वेगळा कप सापडला तर फोडू नका. त्यात चहा घ्या, स्वतः प्या. अन् चांगला कप त्याच्या हातात द्या.

जयभीम.