पिकअपला पिकअप हवा!

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही अंगाला तेल लावून पाटावर बसलो होतो. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी असा काही गडगडाट झाला की, हातातली तेलाची वाटी कलंडली. पोरांनी सुतळी बाँबची माळच लावली असावी, असे प्रथम वाटले. पण गडगडाट थांबेना, उलट जवळ येऊ लागला आणि थेट आमच्या दारात येऊन थांबला. बाहेर डोकावून पाहतो तो आमचा रत्नागिरीकडचा भाचा पिकअपमधून उतरत होता. नारळ घेऊन कोल्हापूरच्या बाजारात आला होता, जाता जाता मामाकडे अभ्यंगस्नानाला.

"काय रे, सायलेन्सर वाटेत गळून पडला की काय?" आम्ही विचारले.

"गळून नाही पडला, मामा. काढून टाकला! तीन इंची सरळ नळी बसवून घेतली. ऐकलंत ना, कशी वाघासारखी बोलते!"

"बोलते ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. ओढते का, ते सांग."

यावर भाच्याने "ओढते की" म्हटले खरे, पण ते तोंडातल्या तोंडात. मुलगी पसंत आहे का विचारल्यावर नवरामुलगा म्हणतो, तसे. या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे की, असे उत्तर मिळाले म्हणजे आमचा पाय घरात ठरत नाही. फराळ झाल्यावर आम्ही सगळी हकीकत काढून घेतली.

ती अशी. गाडी जुनी घेतलेली. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, टर्बो असलेले, भारत स्टेज चारच्या काळातले. तिचे हप्ते अजून दीड वर्ष फिटायचे होते. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून आंबा घाट चढताना गाडी अगदी रडकुंडीला यायची. मागून काळा धूर, पुढे दुसरा गिअर, आणि बाजूने बाकीच्या गाड्या निघून जात. एका हंगामात दोन वेळा माल उशिरा पोचला आणि भाव पडला. थोडक्यात म्हणजे पिकअपला पिकअप नव्हता! वाटेवरच्या एका गॅरेजातल्या मिस्त्रीने निदान केले, "गाडीचा श्वास कोंडलाय. सायलेन्सर आणि तो मधला डबा काढून टाक, मोठी नळी बसव. मग बघ." भाच्याने एका हप्त्याचे पैसे त्यात घातले. मधला डबा "भंगार आहे" म्हणून मिस्त्रीने ठेवून घेतला.

तो मधला डबा म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा पातळ थर असतो, आणि म्हणूनच त्याला बाजारात किंमत असते. भाच्याचे भंगार कुणाची तरी दिवाळी करून गेले होते. असो.

आता मिस्त्री म्हणाला ते सगळेच खोटे होते काय? नाही. आणि इथेच गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे.

चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असले, तर दर फेऱ्याला दोन सिलिंडर आपला जळका वायू बाहेर टाकतात. म्हणजे मिनिटाला सहा हजार, सेकंदाला शंभर उसासे! यांतला प्रत्येक उसासा म्हणजे दाबाचा एक धक्का. तो तसाच बाहेर सोडला तर बंदुकीच्या बारासारखा वाजतो. सायलेन्सरमध्ये कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात. त्यांत हे धक्के आपटून, परतून एकमेकांना मारतात आणि बाहेर नुसती घुरघुर येते. बंदूक आणि मोटार यांचे हे नाते उगाच जोडलेले नाही. बंदुकीचा सायलेन्सर 1909 साली पेटंट करणारा अमेरिकन इंजिनिअर हायरम पर्सी मॅक्सिम याने तीच कल्पना पुढे इंजिनांनाही लावली. त्याचे वडील मॅक्सिम तोफेचे, म्हणजे मशीनगनचे जनक. बापाने आवाज निर्माण केला, मुलाने तो बुजवला!

या कप्प्यांतून आणि जाळ्यांतून वायू जाताना त्याला अडथळा होतो, आणि तो ढकलायला इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडते, हे खरे. त्यालाच गॅरेजात 'बॅक प्रेशर' म्हणतात. पण नळी जितकी मोठी तितकी ताकद जास्त, हा हिशेब मात्र साफ चुकीचा. टर्बो नसलेल्या इंजिनात एका सिलिंडरचा वायू वेगाने निघून जाताना आपल्यामागे पोकळी सोडतो आणि पुढच्याचा वायू ओढून नेतो. नळी फार रुंद केली की वायूचा वेग मंदावतो, ही ओढ कमी होते, आणि हळू चालीतली ताकद घटते. काही मंडळी म्हणतात की इंजिनाला बॅक प्रेशर लागतोच. तसे नव्हे, अडथळा कुणालाच नको असतो, हवा असतो तो वेग. शर्यतीच्या गाड्यांना उघड्या नळ्या असतात, कारण त्या सदैव भरधाव फेऱ्यांवर पळतात. आपली पिकअप घाट चढते ती दीड-दोन हजार फेऱ्यांवर.

टर्बोची गोष्ट जराशी निराळी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, अशी ही युक्ती. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच. इथे टर्बोच्या पुढची वाट मोकळी केली तर चक्राला फिरायला थोडे सोपे जाते, एवढे आम्ही मान्य करतो. पण डिझेल किती जाळायचे हे ठरवतो गाडीतला कॉम्प्युटर. तो होता तसाच ठेवून नुसती नळी बदलली, तर हाती लागते ते मालवाहू गाडीत जाणवेल न जाणवेल इतकेच.

"मामा, पण गाडी पळते असं वाटतं तरी!" भाचा म्हणाला.

"वाटणं वेगळं आणि घड्याळ वेगळं," आम्ही म्हणालो.

भाऊबीज झाली आणि आम्ही मामा-भाचे रत्नागिरीकडे निघालो. साखरप्याला गाडीत मोजून जांभ्याचे चिरे भरले. पहाटे रस्ता मोकळा असताना घाटाच्या पायथ्याच्या एका मोरीपासून माथ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत घड्याळ लावले. पहिल्या दिवशी उघड्या नळीने. मग नवा सायलेन्सर आणि डबा बसवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच चिरे, तोच ड्रायव्हर, तीच वेळ. फरक किती निघाला असेल? नऊ सेकंद! तेही उघड्या नळीच्या बाजूने, हे प्रामाणिकपणे सांगतो. एका हप्त्याच्या पैशात नऊ सेकंद. भाच्याचा चेहरा उतरला.

पण त्या दुसऱ्या फेरीत एक नवलच घडले. सायलेन्सर बसल्यामुळे गाडी शांत झाली होती, आणि रेस दाबली की बॉनेटखालून एक बारीक सीटी ऐकू येत होती. रेस सोडली की सीटी बंद.

"ही सीटी कधीपासून?"

"पहिल्यापासून असेल, मामा. नळी बसवल्यापासून ऐकू येत नव्हती, म्हणून मी समजलो गेली."

बॉनेट उघडून पाहिले. टर्बोकडून इंटरकूलरकडे दाबलेली हवा नेणारी रबरी नळी क्लॅम्पच्या खाली, नजरेआड, बोटभर चिरली होती. इंजिन थंड असताना ती चीर मिटलेली असे. दाब आला की उघडे आणि हवा बाहेर निघून जाई. हवा कमी म्हणजे डिझेल अर्धवट जळणार. तोच काळा धूर, तीच रडकुंड, आणि कमी पडलेली हवा भरून काढायला टर्बो जिवाच्या आकांताने फिरणार. आणखी एक हंगाम असाच गेला असता तर टर्बोच निकामी झाला असता, आणि मग हप्त्यांचे काय झाले असते ते सांगायला नको. मिस्त्रीच्या निदानातला रोगी बरोबर होता. पण श्वास कोंडला होता तो शेपटाकडून नव्हे, नाकाकडून!

नवी रबरी नळी आणि दोन क्लॅम्प, एवढाच खर्च. तिसऱ्या दिवशी तेच चिरे घेऊन गाडी दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरवर चढली आणि चार मिनिटे वाचली. टपरीवर भाच्याने चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

परतताना तो हळूच म्हणाला, "मामा, एक सांगू? आईला कळवू नका. नळी बसवल्यापासून रात्रीच्या फेरीत डोकं चढायचं, डोळ्यांवर झापड यायची. एकदा तर घाटात वळणावर..." पुढचे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मिस्त्रीने नळी मागपर्यंत न नेता केबिनच्या जरा मागेच कापून सोडली होती. सगळा धूर पायाखालच्या फटींतून आत येत होता. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असतो, पण असतो. आणि बाकीचा धूर काही अत्तर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे. आम्हाला मात्र त्या क्षणी संस्था आठवली नाही. आठवली ती बहीण.

काही वाचक म्हणतील, आमची गाडी नव्या जमान्यातली आहे, तिचे काय? एप्रिल 2020 पासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी ती सुमारे सहाशे अंश उष्णतेला स्वतःच जाळून टाकते. गाडी सदा गावातल्या गावात, थांबत थांबत फिरली तर ती उष्णता येत नाही, गाळणी तुंबते, दिवा लागतो, ओढ कमी होते. मग गाळणी कापून काढा, असा सल्ला देणारे भेटतात. त्याआधी दिवा लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ एका वेगाने गाडी चालवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

हा मोह आपल्याकडेच आहे असे मुळीच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2020 साली हिशेब मांडला, तेव्हा दहा वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअपची धूर आवरणारी यंत्रणा काढलेली आढळली. काही हौशी तर मुद्दाम काळे लोट सोडून मिरवतात. आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. 1989 च्या मोटार नियमांतला 120 वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि आवाज-धुराचे नियम मोडणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पण आमचे सांगणे दंडाच्या भीतीने नाही. गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर पाहा, मग टर्बोच्या रबरी नळ्या, मग डिझेल फिल्टर, मग ब्रेक कुठे धरून ठेवत नाहीत ना ते पाहा. शेपटाला हात सर्वांत शेवटी. आणि काही बदललेच, तर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच ओझ्याने, घड्याळ लावून खरे-खोटे करा. कानावर विसंबू नका.

यंत्र दुखणे सांगते ते हळू आवाजात. सीटी, खडखड, कुरकुर. आपणच मोठा आवाज करून बसलो तर ते ऐकणार कोण?

यंदाच्या नरकचतुर्दशीला भाचा पुन्हा येणार आहे. आला हे आम्हाला गडगडाटावरून कळणार नाही. दारावरच्या कडीकडे कान ठेवून बसावे लागेल, आणि त्यात आम्हाला आनंदच आहे.