‘अतिशय दुर्मीळ’ असे लिहून इतिहास जपला जात नाही

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेत भाड्याच्या खोलीवर राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या फोनवर रात्री अकरा वाजता एक ध्वनिमुद्रण येऊन पडते. शीर्षक असते: ‘डॉ. वसंतराव देशपांडे, खाजगी मैफल, अतिशय दुर्मीळ!!’ चाळीस मिनिटांचे गाणे, मागे फितीची खरखर, मध्येच कोणाचा तरी खोकला, एका अवघड जागेवर उसळलेली दाद. विद्यार्थी भारावतो आणि तेच मुद्रण, त्याच शीर्षकासह, आणखी दहा जणांना पाठवतो. मैफल कोणत्या गावी झाली, कोणत्या साली, तबल्यावर कोण होते, हार्मोनियमवर कोण, याची माहिती त्याला पाठवणाऱ्याला नव्हती. पुढच्या दहा जणांनाही ती मिळत नाही.

आजचा धागा या न लिहिलेल्या चार गोष्टींविषयी आहे.

वसंतरावांचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण ते विदर्भाचे. १९२० मध्ये जन्म मूर्तिजापूरचा, बालपण नागपुरात, संगीताचे आरंभीचे धडे तिथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे. नागपुरात आज त्यांच्या नावाचे मोठे सभागृह आहे. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे मात्र या माणसाने लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनीत घालवली आणि पूर्णवेळ गायक म्हणून ते उभे राहिले ते चाळिशी उलटल्यावर. १९८३ मध्ये ते गेले. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी काढलेले त्यांचे काम त्यांच्या आवाक्याच्या मानाने थोडे आहे. शिवाय ते गाणेच असे की एकाच रागाची काल झालेली वाट आज पुन्हा सापडू नये. अशा गायकाचा इतिहास कंपनीच्या सूचीत मिळत नाही. तो कोणीतरी पहिल्या रांगेत मांडीवर यंत्र घेऊन बसले होते, त्या यंत्रात मिळतो.

थोडे मागे जाऊ. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उमटले आणि हिंदुस्थानी संगीताला पहिल्यांदा कागदाबाहेरचा पुरावा मिळाला. पण त्या तबकडीत मावत होती तीन-साडेतीन मिनिटे. अब्दुल करीम खाँ साहेबांची जी मुद्रणे आपण आज ऐकतो, ती या चौकटीत बसवलेली. संथ आलापीने तासभर उलगडणारा ख्याल अशा जागेत कसा राहणार? तबकडी ऐकून मैफलीचा अंदाज बांधणे म्हणजे शिलालेखावरून राजाचा आवाज ओळखण्यासारखे. आणि भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) व अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या बाबतीत तर तेवढाही आधार नाही. या दोघांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. महाराष्ट्राच्या गायकीचे हे दोन आधारस्तंभ आपल्यापर्यंत पोहोचले ते केवळ शिष्यांच्या गळ्यातून आणि आठवणींच्या पुस्तकांतून.

वर्ध्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण हवे असेल तर १९३६ चे घ्यावे. गांधीजींच्या निमंत्रणावरून तुकडोजी महाराज सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, सुमारे महिनाभर राहिले. खंजिरीवरची ती भजने लोकांनी तिथे कशी ऐकली याचे वर्णन वाचता येते. चुंबकीय फितीचे टेपरेकॉर्डर यंत्र त्याच्या आदल्या वर्षीच, १९३५ मध्ये, बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडले गेले होते. ते सेगावात कोठून असणार?

हे यंत्र आपल्या मैफलींत स्थिरावले स्वातंत्र्यानंतर. आरंभी परदेशातून आणलेले जड स्पूल यंत्र एखाद्या डॉक्टरच्या, वकिलाच्या, गिरणीमालकाच्या दिवाणखान्यात असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात कॅसेटचे ‘टू-इन-वन’ येऊ लागले आणि शिक्षक, बँकेतले कर्मचारी, रेल्वेतले लोक मैफल टिपू लागले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. विलंबित ख्याल रंगात आला असताना खट् असा आवाज होई, कॅसेट उलटली जाई आणि तेवढ्यात एखादी तिहाई कायमची हरवे. जुन्या संग्राहकांचे ते दुःख खरे होते. पण त्या एका हरवलेल्या तिहाईच्या बदल्यात दीड तास वाचला, हेही तितकेच खरे.

या दीड तासांत काय काय वाचले आहे याची जाणीव तरुण श्रोत्यांना क्वचित असते. १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. रात्रभर चालणाऱ्या अशा महोत्सवांत मध्यरात्रीनंतरचा दरबारी मध्यरात्रीनंतरच गायला जाई आणि पहाटेचा ललत पहाटे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकांवर बंधन आणले. नियम योग्यच आहेत. रुग्णाला आणि परीक्षार्थ्याला झोप हवी. परंतु परिणाम असा झाला की मोठ्या उघड्या मंडपातल्या रात्रीचे राग त्यांच्या वेळेवर ऐकण्याची संधी एका संपूर्ण पिढीला जवळजवळ मिळालीच नाही. जांभया देत पण न उठता बसलेला पहाटे चारचा श्रोतृवर्ग आता फक्त त्या कॅसेटींमध्ये उरला आहे. हा संगीताचा जितका, तितकाच सामाजिक इतिहासाचाही दस्तऐवज आहे.

आता अमेरिकेकडे वळू, कारण चाहत्यांनी टिपलेल्या मैफलींची सर्वांत शिस्तबद्ध परंपरा तिथे घडली. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाचे वादनही दर रात्री वेगळे होई. एकाच गाण्यावर पंधरा-वीस मिनिटे उत्स्फूर्त विस्तार चाले. (यातला ढोलवादक मिकी हार्ट हा झाकीर हुसेन यांचा दीर्घकाळचा सहकारी, १९९१ चा ‘प्लॅनेट ड्रम’ हा संच या मैत्रीतूनच झाला.) चाहते यंत्रे घेऊन येत. वाद्यवृंदाने त्यांना हाकलले नाही. उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवली. अट एकच होती: फिती बदलून घ्याव्यात, विकू नयेत.

परवानगीइतकीच तिथली चिठ्ठीही महत्त्वाची ठरली. प्रत्येक कॅसेटच्या वेष्टनावर तारीख, शहर, सभागृह, वाजवलेल्या गाण्यांचा क्रम, मुद्रण श्रोत्यांतून केले की ध्वनियंत्रणेतून थेट घेतले, आणि ही मूळ फितीची कितवी प्रत आहे, हे सारे लिहिण्याची चाहत्यांना सवय होती. जो हे लिहीत नसे त्याची कॅसेट कोणी बदलून घेत नसे. म्हणूनच ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली एक मैफल आज ‘त्या वर्षीची कुठली तरी’ म्हणून ओळखली जात नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश केला तो तारखेनिशी. ते मुद्रण करणाऱ्या बेटी कँटर-जॅक्सन यांच्या फिती भाडे थकल्यामुळे १९८६ मध्ये लिलावात निघाल्या होत्या. त्या वाचल्या, कारण घेणाऱ्या चाहत्यांना आपण काय घेत आहोत हे कळत होते.

तिथेही सारे गोड नव्हते. २००५ मध्ये थेट यंत्रणेतल्या मुद्रणांच्या मोफत उतरवणीवरून वाद्यवृंद आणि चाहते यांच्यात चांगलाच खटका उडाला आणि अखेर श्रोत्यांतली मुद्रणे खुली, यंत्रणेतली फक्त ऐकण्यापुरती, अशी तडजोड झाली. निदान भांडण उघड झाले, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे भांडण उघड झाले नाही, कारण व्यवहारच झाकलेला होता. कित्येक मुद्रणे कलावंताला न विचारता केलेली. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत कमालीच्या सावध होत्या. आपले गाणे यंत्रात कैद होऊन कोणाच्याही हाती पडू नये, अशी त्यांची भूमिका. (नियतीचा विनोद असा की १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले ते त्यांचे साडेतीन मिनिटांचे तबकडीवरचे गाणे!) त्यांचा आक्षेप हा लहरीपणा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. गायकाची विद्या हीच त्याची पुंजी होती आणि ती रीतसर शिकवून मिळायची, चोरून नव्हे. भारतीय कायद्याने सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावरचा हक्क दिला तोच मुळी १९९४ च्या दुरुस्तीने. त्याची मुदत १९९९ मध्ये पन्नास वर्षांवर नेली गेली. तोवर कलावंताकडे नकाराखेरीज दुसरे साधन नव्हते.

या पार्श्वभूमीवर जुन्या संग्राहकांची ‘तुला देतो, पण पुढे कोणाला देऊ नकोस’ ही अट समजू शकते. तिच्यात कलावंताची भीड होती, चोरीची लाज होती आणि, स्पष्टच सांगायचे तर, आपल्याजवळ आहे ते इतरांजवळ नाही याचा आनंदही होता. पण ही अट आता कालबाह्य झाली आहे. संग्राहक वृद्ध झाले, काही गेले. फितींना पावसाळ्यात बुरशी येते, स्पूल वाजवणारे चालू यंत्र मिळणे कठीण, आणि घर आवरताना पुढची पिढी खोका उघडून पाहते तेव्हा आत हाताने लिहिलेले फक्त ‘मालकंस, अप्रतिम’ असते. तो खोका भंगारात गेला तर दोष भंगारवाल्याचा नाही.

मग खोक्यातून बाहेर पडून फोनवर आलेल्या मुद्रणाचे काय? इथे मत ठामपणे मांडले पाहिजे: माहिती न देता पुढे ढकललेले मुद्रण वाचत नाही, ते फक्त पसरते. दहा हजार लोकांनी ऐकलेले निनावी मुद्रण इतिहासाच्या दृष्टीने नाणेसंग्राहकाने घासून लख्ख केलेल्या नाण्यासारखे आहे. चमक आहे, अक्षरे गेली.

काही अक्षरे अर्थात परत वाचता येतात, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरी मजा इथेच आहे. समजा, कुमार गंधर्वांचे एक बिनतारखेचे मुद्रण हाती आले. १९४७ च्या अखेरीस त्यांना क्षयाने गाठले, पुढची काही वर्षे गाणे बंद होते. त्यानंतरच्या गाण्यात श्वासाची आणि आवाजाच्या फेकीची ठेवण निराळी आहे. एवढ्यावरून मुद्रण आजारपणाआधीचे की नंतरचे हे ठरते. त्यात गांधीमल्हार असेल तर ते गांधी जन्मशताब्दीच्या, म्हणजे १९६९ च्या, फार आधीचे असू शकत नाही, कारण तो राग त्यांनी त्या निमित्तानेच बांधला. साथीदाराचा ठेका ओळखणारा जाणकार सापडला तर कक्षा आणखी आवळता येते. निवेदकाची भाषा, दाद कोणत्या बोलीत येते, बाहेरून ऐकू येणारी रेल्वेची शिट्टी, कॅसेट उलटण्याची जागा, सारे साक्षीदार आहेत.

सर्वांत नावडता साक्षीदार म्हणजे विजेची घरघर. भारतातला वीजपुरवठा पन्नास हर्ट्झचा. ती घरघर मुद्रणात बावन्नवर ऐकू आली तर फीत वेगाने फिरते आहे आणि गायकाची पट्टी खोटी चढली आहे, असा संशय घ्यायला जागा होते. (विजेची वारंवारताही तेव्हा नेहमी स्थिर नसे, म्हणून केवळ एवढ्यावर विसंबू नये.) ‘तरुणपणीचा आवाज’ म्हणून गौरवले जाणारे मुद्रण कधीकधी निव्वळ पळणाऱ्या फितीचा प्रताप असते.

आणि नेमके हेच सारे आजची ‘स्वच्छ’ करणारी ॲप्स पुसून टाकतात. खरखर जाते, घरघर जाते, तंबोरा जुळवतानाची दोन मिनिटे कापली जातात, निवेदन कापले जाते, ‘लोकांना गाणेच हवे असते’ म्हणून दादही छाटली जाते. ऐकण्यासाठी स्वच्छ प्रत जरूर करावी. मूळ प्रत तिच्या सर्व घाणीसह शेजारी ठेवावी.

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता स्वतः सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. हजारो श्रोते जागचे न हलता ती ऐकतात. तीन मिनिटांच्या त्या तबकडीला हा मान मिळतो, कारण ती कोणाची आणि कशी आली हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

महाराष्ट्रात हे काम कोणी केलेच नाही असे नाही. मुंबईत सत्यशील देशपांडे यांनी ‘संवाद फाउंडेशन’द्वारे गायकांना बोलते करून हजारो तासांचा संग्रह उभा केला; एनसीपीएमध्ये अशोक दा. रानडे यांनी संग्रहाला अभ्यासाची शिस्त लावली. पण संस्था पुरणार नाहीत. मूर्तिजापूर, वर्धा, अकोला, यवतमाळ इथल्या घरांतल्या कपाटांपर्यंत पोहोचणार ते चाहतेच.

सिंदी मेघेतल्या त्या मुद्रणाकडे परत जाऊ. समजा, त्याच्या अखेरीस वसंतराव ‘कट्यार काळजात घुसली’मधले एक पद गातात. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. तेव्हा ‘अतिशय दुर्मीळ’ खोडून शीर्षकात एवढे तरी लिहिता येते: ‘वसंतराव देशपांडे. बहुधा डिसेंबर १९६७ नंतर, जुलै १९८३ पूर्वी. स्थळ अज्ञात. तबला, हार्मोनियम अज्ञात, ओळखल्यास कळवावे. कॅसेटवरून, एका बाजूचा शेवट तुटलेला. वेग तपासलेला नाही.’