फ्रीची मुदत बिलावर लिहून घ्या

बारावीचा निकाल लागला, इंजिनीअरिंगच्या नाहीतर बीकॉमच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की वसईच्या अंबाडी रोडपासून विरार स्टेशनपर्यंतच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत लॅपटॉप बघायला आलेली कुटुंबं दिसू लागतात. वडील किंमत विचारतात, मुलगी रॅम विचारते आणि काउंटरवरचा मुलगा दोघांनाही पटेल असं वाक्य टाकतो, ‘सोबत ऑफिस फ्री आहे, अँटिव्हायरसपण फ्री.’ सौदा बहुतेक वेळा तिथेच पक्का होतो. पुढच्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री वर्डची फाइल उघडते, वाचता येते, पण तिच्यात एक अक्षर टाइप होत नाही. वर पट्टी झळकते: मुदत संपली, रिन्यू करा.

वसई-विरारकरांनो, ‘फ्री’ हा शब्द तोंडी राहू देऊ नका. पैसे मोजण्याआधी तो किती दिवसांचा आहे हे बिलावर लिहून घ्या. आणि आधीच अडकला असाल तर ‘जाऊ दे, काही हजारांचाच प्रश्न आहे’ म्हणून मुकाट्याने पैसे भरू नका.

आधी दुकानात नेमकं काय विकलं जातं ते बघू. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस दोन प्रकारांनी मिळतं. ‘ऑफिस होम २०२४’ सारखं पॅक एकदाच विकत घ्यायचं, ते त्या लॅपटॉपवर कायम चालतं. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ मात्र वर्गणीवर चालतं. वर्गणी थांबली की फाइल वाचता येते, छापता येते, पण बदलता येत नाही. खरी गंमत पुढे आहे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांसोबत दोन्ही एकत्र येतात: ऑफिस होम कायमचं आणि ‘३६५ बेसिक’ एका वर्षाचं, त्यात शंभर जीबीची ऑनलाइन साठवण. जाहिरातीत ‘लाइफटाइम’ हा शब्द दोघांच्या डोक्यावर मिळून एकदाच छापलेला असतो. वर्षभर मुलाचे फोटो, प्रोजेक्ट, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन सगळं वनड्राइव्हवर चढत राहतं. वर्ष संपलं की फुकटची जागा उरते पाच जीबी. म्हणजे ऑफिस चालू राहतं आणि अडकतात त्या तुमच्या फाइली. अँटिव्हायरसचा तर बहुतेक वेळा काही महिन्यांचा ट्रायलच असतो. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस मुळातच फुकट असतो, हे सांगायची दुकानात कुणाला घाई नसते.

काउंटरवरचा मुलगा लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. कंपनीच्या माणसाने शिकवलेलं वाक्य तो पुढे म्हणतो. पण कायद्याच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही. ग्राहकाची दिशाभूल झाली की झाली.

म्हणून कार्ड काढण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव काय? ते कायमचं की मुदतीचं, आणि मुदतीचं असेल तर कुठल्या तारखेपर्यंत? त्यानंतर चालू ठेवायला वर्षाला किती पैसे? उत्तरं आली की म्हणा, ‘एवढं बिलावर लिहा.’ एकच ओळ पुरते: ‘ऑफिस होम २०२४, कायमचा परवाना, किमतीत समाविष्ट.’ किंवा ‘३६५ बेसिक, एक वर्ष, नंतर सशुल्क.’ लिहायला तो का-कू करू लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा. बिल पक्कं घ्या, जीएसटीचं. जीएसटी वाचवून देतो म्हणणाऱ्याकडे कच्च्या चिठ्ठीवर खरेदी केली, तर पुढे भांडायला हातात काहीच राहत नाही. खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा, दुकानातल्या ऑफरच्या फलकाचा काढा, आणि ऑनलाइन घेत असाल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. ऑफरची पानं दुसऱ्या दिवशी बदलतात. घरी आल्यावर ऑफिस लगेच चालू करून खात्याशी जोडा, कारण आधीच भरलेल्या पॅकलाही ॲक्टिव्हेट करायची मुदत असते.

फलकाबद्दल एक नियम मराठी ग्राहकाच्या फार कामाचा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी लागू केली. त्यांनुसार अटी-शर्तींची टीप मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवी. ‘ऑफिस मोफत!’ हे मराठीत ठळक आणि ‘एक वर्षाकरिता’ हे खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत, असं चालत नाही. असा फलक दिसला तर वस्तू घेतली नसलीत तरी फोटो काढून ठेवा.

दुसरा सापळा पैशांचा. ‘महिनाभर फ्री, फक्त कार्ड जोडा’ किंवा ‘यूपीआयवर एक रुपयाचं ऑटोपे मंजूर करा.’ ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याच प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ॲप व वेबसाइटवरच्या फसवणुकीचे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. फुकट वर्गणीसाठी कार्डाचा तपशील किंवा ऑटो डेबिटची मंजुरी बळजबरीने मागणं, आणि वर्गणी बंद करण्याचं बटण दडवून ठेवणं, हे दोन्ही त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ या नावाखाली येतं. सॉफ्टवेअरच्या वर्गणीची गुपचूप वसुली हा वेगळा प्रकारच धरला आहे. आणखी एक उदाहरण त्यांनी बुद्धिबळाच्या ॲपचं दिलं आहे. ‘फुकट खेळा’ म्हणून ते उतरवून घ्यायला लावलं आणि काही दिवसांनी पुढे खेळायला पैसे मागितले. फुकटपणाला मुदत आहे हे आधी सांगितलं नाही, हाच दोष. तुमच्या लॅपटॉपमधल्या ऑफिसची कथा याहून फार वेगळी नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा आपोआप वसुलीच्या किमान चोवीस तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. पंधरा हजारांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही, म्हणून तो मेसेज वाचणं महत्त्वाचं. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ नावाची जागा असते, तिथे आज रात्रीच एकदा बघा. आई-बाबांच्या फोनवरही बघा. कशाचे पैसे जाताहेत हे घरात कुणालाच माहीत नसलेलं एखादं मॅन्डेट तिथे हमखास निघतं.

आता फसला असाल तर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. ‘फ्री’ म्हणून विकून मुदत लपवणं ही त्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची छापील ओळ वाचून बरेच लोक मागे फिरतात. फिरू नका. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे देणं नाकारलं, तर तेही अनुचित प्रथेतच मोडतं.

पहिलं पत्र दुकानदाराला आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, दोघांनाही. दुकानदार म्हणेल कंपनीला विचारा, कंपनी म्हणेल विक्रेत्याने चुकीचं सांगितलं. दोघांनाही एकाच ईमेलमध्ये घ्या. मजकूर साधा: ‘अमुक तारखेला अमुक बिलाने लॅपटॉप घेतला. सॉफ्टवेअर किमतीत समाविष्ट असल्याचं सांगण्यात व जाहिरातीत दाखवण्यात आलं, मुदतीचा उल्लेख नव्हता. अमुक तारखेला ते बंद झालं. पंधरा दिवसांत कायमचा परवाना द्यावा किंवा त्याची किंमत परत करावी.’ शिव्या नकोत, व्हॉट्सॲपवरचा वाद नको. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावं, असा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा दंडक आहे.

तरी दाद नाही मिळाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तक्रार नोंदवून घेऊन ते ती कंपनीकडे पाठवतात. लहान रकमांचे पुष्कळ तंटे इथेच मिटतात, कारण मोठ्या कंपन्यांना पुढचा कागदी व्याप नको असतो. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. आदेश देतो तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, आणि त्याच्याकडे ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार यायला हवी. दोन वर्षं कुठून मोजायची यावर समोरचा वाद घालू शकतो, म्हणून बिलाच्या तारखेपासूनच मोजा आणि लवकर करा.

एक सोय आपल्यासारख्यांसाठी सोन्यासारखी आहे. आपल्यातले कित्येक जण विरार लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून लॅपटॉप आणतात, कारण तिथे दोन पैसे कमी पडतात. जुन्या १९८६ च्या कायद्यात दुकान किंवा कंपनी जिथली, किंवा घटना जिथे घडली, तिथेच जावं लागे. नव्या कायद्यात तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या ठिकाणच्या आयोगातही तक्रार चालते. दुकान मुंबईत आणि कंपनी बंगळुरूत, तरी नालासोपाऱ्याच्या माणसाने तिकडे खेटे घालायची गरज नाही. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंतीही करता येते.

कुठे हात आखडावा तेही सांगतो. खोक्यावर ‘एक वर्ष’ स्पष्ट लिहिलं होतं, बिलावरही होतं आणि तुम्ही वाचलंच नाही, तर तक्रार टिकणार नाही. आणि दुरुस्तीवाला म्हणाला, ‘पाचशे द्या, मी की टाकून देतो,’ तर नको म्हणा. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली गुन्हा आहे, आणि तक्रारदाराच्याच लॅपटॉपमध्ये असली चोरीची की निघाली तर तक्रारीत दम राहत नाही. तोवर काम अडत असेल तर लिब्रेऑफिस घ्या. कायम फुकट, वर्डच्या फाइली उघडतं, आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात. वर्गणी संपण्याआधी वनड्राइव्हवरच्या फाइली मात्र पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हारच्या गाळेवाल्यांसाठी वेगळं बोलायला हवं. बिलिंगचं सॉफ्टवेअर, मशीनसोबत आलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअर, हजेरीच्या यंत्राचं ॲप, सगळीकडे हाच ‘पहिलं वर्ष फ्री’चा खेळ आहे, आणि इथे रकमा मोठ्या असतात. पण कायद्यात व्यापारी हेतूने घेणारा ‘ग्राहक’ नसतो. अपवाद फक्त स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी घेणाऱ्याचा. ही रेघ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या निकालात ओढली. महाराष्ट्रातल्याच एका छोट्या कारखानदाराचा टर्निंग मशीनचा तंटा होता तो. राज्य आयोगाने त्याला भरपाई दिली होती, ती वर टिकली नाही. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहक, असं उदाहरण त्या निकालात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉली मेडिक्युअर कंपनीच्या खटल्यात तीच कसोटी सॉफ्टवेअरला लागली: कंपनीने आपलं कामकाज चालवायला घेतलेल्या परवान्यासाठी ग्राहक आयोगाचं दार बंद. तेव्हा एकटीने झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या ताईंना आयोगात जाता येईल. दहा कामगारांच्या प्रायव्हेट लिमिटेडने तिथे वेळ घालवू नये. तिचं संरक्षण तिच्या करारात असतं, म्हणून ऑर्डर देतानाच दुसऱ्या वर्षाचा दर लिहून घ्यावा आणि पैसे बंद केल्यावर आपला डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल तेही.

हा प्रकार वसईपुरता नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने मायक्रोसॉफ्टवरच दावा लावला. सुमारे २७ लाख ग्राहकांना वाढीव दराची ३६५ वर्गणी घ्या नाहीतर बंद करा एवढंच सांगितलं आणि जुन्या दराचा तिसरा पर्याय लपवला, असा आरोप होता. तिथे सरकारी यंत्रणा स्वतः उभी राहिली. आपल्याकडे केंद्रीय प्राधिकरणालाही तेवढे अधिकार आहेत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड करता येतो. पण एकाच दुकानाविरुद्ध, एकाच ऑफरविरुद्ध पन्नास तक्रारी एकत्र दिसल्या तर त्यांचं लक्ष जाणार. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ‘तुझंही बंद पडलं का?’ एवढं विचारा, आणि ज्यांचं पडलं त्यांनी प्रत्येकाने आपापली तक्रार १९१५ वर नोंदवावी. कागद कसे लावायचे हे कळत नसेल तर १९७५ पासून हे काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडे विचारायला संकोच नको.

दुकानदार बंधूंनाही एक विनंती. बिलाच्या नमुन्यात ‘सोबतचे सॉफ्टवेअर व मुदत’ असा एक रकाना छापून घ्या. लॅपटॉप विकताना तो भरायला अर्धं मिनिट लागतं, आणि वर्षभराने दुकानात येऊन तावातावाने बोलणाऱ्या गिऱ्हाइकासमोर कंपनीच्या माणसाने नाही, तुम्हीच उभं राहायचं असतं.