बहिष्कार आपला, बंदी सरकारची

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, तेव्हापासून पुण्यातल्या ग्रुपांवर एक मागणी फिरतेय. टिकटॉक बंद केलं तसं आता फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप, एक्स सगळंच बंद करा, परदेशी मालकाचं काहीच नको. गंमत म्हणजे ही मागणी व्हॉट्सॲपवरच फिरतेय. आणि मीही हे फेसबुकवर लिहितोय, म्हणजे परक्याच्या ओट्यावर बसून त्याच्याच घराबद्दल बोलतोय. पण विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. बऱ्याच जणांनी माझं मत विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब आहे, पण वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मालक कोणत्या देशाचा आहे एवढ्यावरून सरकारने ॲप बंद करू नये. ॲप काय करतं ते बघावं, सगळ्यांना एकच नियम लावावा, आणि बंद करायची वेळ आलीच तर कारण लेखी आणि जाहीर द्यावं. तुम्हाला-मला एखादं ॲप नको असेल तर ते काढून टाकायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

आता २०२० आठवा. १५ जूनला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. २९ जूनला सरकारने ५९ ॲप बंद केली. टिकटॉक, यूसी ब्राउझर, शेअरइट, हेलो, कॅमस्कॅनर, वीचॅट वगैरे. कायदा लावला तो माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ. पत्रकात चीनचं नाव नव्हतं. लोकांची माहिती चोरून देशाबाहेरच्या सर्व्हरवर पाठवली जाते, देशाच्या सुरक्षेला धोका आहे, असं कारण दिलं होतं. सप्टेंबरमध्ये आणखी ११८ ॲप गेली, त्यात पोरांचा जीव की प्राण असलेलं पबजी होतं. जानेवारी २०२१ मध्ये पहिल्या ५९ वरची बंदी कायम झाली.

त्या वेळी देशात टिकटॉक वापरणारे सुमारे २० कोटी होते. त्यात आपल्या धुळे जिल्ह्यातलं एक जोडपं होतं, शेतात-अंगणात नाचून लाखो लोकांपर्यंत पोचलेलं. मराठी, अहिराणी बोलणारी, इंग्रजी न येणारी, शहरातल्या कुठल्याही चॅनेलने कधी दारात उभी केली नसती अशी माणसं तिथे दिसायला लागली होती. एका रात्रीत ते दुकान बंद झालं.

त्यांची जागा कुणी घेतली? बंदीनंतर नवव्या दिवशी, ८ जुलै २०२० ला, इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणलं. दोन्ही अमेरिकन. मोज, जोश, चिंगारी अशी देशी ॲपही आली, काही दिवस जोर होता. पण आज बस स्टॉपवर, मेसच्या रांगेत, पीएमटीत लोक अंगठ्याने काय वर सरकवतात ते तुम्हीच बघा. ट्विटरला पर्याय म्हणून आलेलं आपलं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. म्हणजे बंदीने चिनी मालक गेला आणि त्याच्या गादीवर अमेरिकन मालक बसला. आपला डेटा आधीही देशाबाहेर जात होता, आताही जातो. पोरांचे तास आधीही जात होते, आताही जातात.

याचा अर्थ चीनबद्दलची भीती खोटी होती, असं मी म्हणत नाही. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्यात तिथल्या कंपन्यांनी सरकारी गुप्तचरांना सहकार्य करावं असं लिहिलेलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये टिकटॉकच्या मालक कंपनीने, बाइटडान्सने, कबूल केलं की तिच्या काही कर्मचाऱ्यांनी पत्रकारांचा डेटा उघडून पाहिला. आतल्या बातम्या बाहेर कोण देतंय हे त्यांना शोधायचं होतं. पत्रकार म्हणून हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. सीमेवर बंदुका रोखलेल्या असताना समोरच्या देशाचं ॲप २० कोटी फोनात असावं का, हा प्रश्न सरकारला पडला तर तो रास्तच होता.

माझा आक्षेप आहे मोजपट्टीला. झेंडा बघून धोका मोजला की खरा धोका नजरेतून सुटतो. आपल्याच भागातली उदाहरणं घ्या.

पुन्हा धुळे जिल्हा. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. ती फिरली व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप अमेरिकन आहे.

आपलं हडपसर. २ जून २०१४. फेसबुकवर शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रं टाकली गेली, शहर पेटलं, आणि त्या पोस्टशी काडीचाही संबंध नसलेला, आयटीत काम करणारा एक तरुण मारला गेला. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. फेसबुकही अमेरिकन.

आणि दिघी. मे २०२३ मध्ये तिथल्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या संचालकाला एटीएसने अटक केली. पाकिस्तानी हेराला संरक्षणाची माहिती दिल्याचा आरोप आहे, आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे संपर्काचं एक साधन व्हॉट्सॲप होतं. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचाय, म्हणून जास्त बोलत नाही. मुद्दा एवढाच की देशाचं गुपित बाहेर जायला चिनी ॲपच लागतं असं नाही.

केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण तर फेसबुकनेच मान्य केलं. २०१८ मध्ये त्यांनी आकडा दिला होता, भारतातल्या ५,६२,४५५ लोकांच्या माहितीला झळ पोचली असण्याची शक्यता आहे. त्यावरून फेसबुक बंद झालं नाही. व्हावं असंही मी म्हणत नाही. पण मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, हे कशाच्या आधारावर?

राईनपाड्यानंतर जे झालं ते मला जास्त शिकवणारं वाटतं. देशभरात अशा घटना घडल्या, सरकारने व्हॉट्सॲपला खडसावलं, आणि त्याच जुलैत कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. पुढे ती जगभर लागू केली. कोविडच्या काळात खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. अफवा थांबल्या का? नाही. पण दबाव आणला तर कंपनी ॲपची रचना बदलते, हे दिसलं. ॲप चालू राहिलं आणि धोक्याचा नेमका स्क्रू आवळला गेला. या वाटेने आपण पुढे गेलोच नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच लष्कराचं. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवान आणि अधिकाऱ्यांना फोनमधून ८९ ॲप काढायला सांगितली. त्या यादीत टिकटॉक होतं, तसंच फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. जिथे खरोखर गुपित सांभाळायचंय तिथे लष्कराने मालकाचा देश बघत बसण्याऐवजी धोका बघितला. सरकारी फोन, संरक्षण प्रयोगशाळा, अशा ठिकाणी कडक बंदी घाला, माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. पण तुळशीबागेत कुर्ते विकणाऱ्याने इन्स्टावर रील टाकलं तर त्यात कुठलं लष्करी गुपित फुटतं?

मग देशी ॲप वापरू, असं म्हणाल. जरूर वापरा. झोहोचं ‘अरट्टई’ २०२५ च्या सप्टेंबरात गाजलं, मलाही बरं वाटलं. पण ते गाजत होतं तेव्हा त्यात मेसेजला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं. म्हणजे मधल्या कुणालाही वाचता येऊ नये असं कुलूप, जे अमेरिकन व्हॉट्सॲपमध्ये आधीपासून होतं. मालक मराठी असो, तमिळ असो की अमेरिकन, कुलूप आहे का आणि किल्ली कुणाकडे आहे, हे विचारावंच लागतं.

किल्लीवरून आठवलं. आपला डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यात केंद्र सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देता येते. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) असं बदललं की वैयक्तिक माहितीचं कारण सांगून अधिकाऱ्याला आपला अर्ज फेटाळणं सोपं झालं. ज्यांनी कधी महापालिकेत किंवा पंचायत समितीत माहितीचा अर्ज टाकलाय त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. आपली माहिती कंपन्यांपासून वाचवायला निघालेला कायदा सरकारची माहिती आपल्यापासून वाचवायला लागला.

म्हणून मला बंदीपेक्षा बंदीची पद्धत जास्त खटकते. कलम ६९ अ खालच्या २००९ च्या नियमांत तक्रारी आणि कारवाई गुप्त ठेवायची तरतूद आहे. काय बंद केलं, का केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, वाचणाऱ्याला काही कळत नाही. हीच पद्धत टिकटॉकला चालली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये, शेतकरी आंदोलनाच्या वेळी, सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरवरची सुमारे अडीचशे खाती रोखली गेली. त्यात ‘कॅरॅव्हान’ या मासिकाचंही खातं होतं. ते मासिक चिनी नव्हतं, दिल्लीचं होतं.

अमेरिकेनेही टिकटॉकवर कायदा केलाच की, असं कुणी म्हणेल. केला. २०२४ मध्ये. पण तो संसदेत चर्चा होऊन, सगळ्यांसमोर झाला. कंपनी विका नाहीतर बंद करा असा पर्याय दिला. कंपनी कोर्टात गेली आणि १७ जानेवारी २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरली. निकाल पटो न पटो, कारणं कागदावर आली, कुणालाही वाचता येतात.

आणि नेपाळ बघा. ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारने नोंदणी केली नाही म्हणून २६ ॲप बंद केली. भ्रष्टाचाराचा राग आधीपासून साचलेला होताच, त्यात ही ठिणगी पडली. ८ तारखेला पोरं रस्त्यावर उतरली, त्या एका दिवसात १९ जण मेले. रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. परदेशातल्या मुलाशी आईचं बोलणं ज्या ॲपवर होतं ते एका आदेशाने बंद केलं तर लोकांना राग कंपनीचा येत नाही, सरकारचा येतो.

आता पुणेकर म्हणतील, अहो, परदेशी कपड्यांची होळी याच पुण्यात झाली. बरोबर. ऑक्टोबर १९०५, मुठेच्या काठी. सावरकर तेव्हा फर्ग्युसनला शिकत होते, टिळक हजर होते. कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. पण ती होळी लोकांनी केली होती, सरकारच्या नाकावर टिच्चून. त्याला बहिष्कार म्हणतात. स्वतःच्या अंगावरचा कपडा स्वतः टाकायचा. बंदीत दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा सरकार काढून घेतं. आणि ती माणसं होळी करून घरी जाऊन झोपली नाहीत. पैसा फंडात लोकांनी पैसा-पैसा टाकला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आपण २०२० मध्ये होळीचा फोटो काढला आणि नवव्या दिवशी रील्स उघडलं.

मग करायचं काय? माझ्या चार मागण्या आहेत. एक, ॲप बंद करायचा प्रत्येक आदेश कारणांसह जाहीर करा. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगितलंय, तोच न्याय इथे लावा. दोन, डेटा कुठे जातो, कोण बघतं, याची तपासणी चिनी, अमेरिकन, देशी सगळ्यांची करा. तीन, तक्रार मराठीत करता आली पाहिजे आणि उत्तर माणसाने दिलं पाहिजे. एका ॲपवर आमच्या पानाची पाण्याच्या टँकरवरची बातमी ‘नियमभंग’ म्हणून उडवली गेली. तीन वेळा दाद मागितली, तिन्ही वेळा यंत्राचं तेच छापील उत्तर आलं. कोणता नियम मोडला ते आजवर कळलेलं नाही. चार, सरकारी आणि संरक्षण खात्याच्या फोनवर काय हवी ती बंदी घाला.

माझ्यासारख्या छोट्या पत्रकाराचं पोट आज याच ॲपवर आहे. छापील अंक परवडत नाही, स्टॉलवर कुणी घेत नाही, तुम्ही मला इथेच भेटता. उद्या सकाळी हे बंद झालं तर कंपनी दुसरा देश बघेल, सरकार पत्रक काढेल, आणि आपल्या वॉर्डात पाणी का आलं नाही हे तुम्हाला सांगायला मी नसेन. तेव्हा ‘बंद करा’ म्हणण्याआधी ‘का, ते लिहून द्या’ एवढं म्हणायची सवय लावून घेऊ.

तुमचं मत वेगळं असेल तर खाली लिहा. मुद्द्यावर बोला, शिव्या नकोत. ज्याला पटत नाही त्याने मला अनफॉलो करावं, त्यालाच बहिष्कार म्हणतात.