भाषेच्या अंगणात : लॅटिन शिकताना मराठी हाताशी

लॅटिन म्हटले की घोकंपट्टी आठवते. ही भाषा आज कुणाच्या घरी बोलली जात नाही, मग तिचे व्याकरण कशाला शिकायचे? वाचकहो, याचे उत्तर आज लखनौमध्ये शोधू या. पंडित भातखंडे यांनी १९२६ मध्ये संगीत महाविद्यालय सुरू केले, ते हे शहर.

इथली ला मार्टिनिअर ही शाळा १८४५ पासून चालते. क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या मृत्युपत्रातून ती उभी राहिली. तिचे बोधवाक्य आहे, 'लाबोरे एत कोन्स्तान्तिआ'. 'लाबोर' म्हणजे श्रम. त्याचे 'लाबोरे' झाले की अर्थ होतो श्रमाने. 'एत' म्हणजे आणि. पूर्ण अर्थ : श्रमाने आणि चिकाटीने. इंग्रजीत यासाठी आधी 'बाय' हा वेगळा शब्द लावावा लागतो. लॅटिन आणि मराठीत शब्दाचा शेवटच बदलतो. शाळेत आपण घोकलेली तृतीया ती हीच! लॅटिनमध्ये मात्र ही एकच विभक्ती तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिघींची कामे सांभाळते.

आता लिंग पाहा. पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरे अंडे. लॅटिनमध्ये : एक्वुस आल्बुस, वाक्का आल्बा, ओवुम आल्बुम. आपल्या आ-ई-ए सारखेच तिथे उस-आ-उम. रोममध्ये जाहीर सूचना लिहायच्या पांढऱ्या फलकाला 'आल्बुम' म्हणत. तुमच्या फोनमधला फोटोंचा अल्बम तिथूनच आला.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याचा थेट उपयोग होतो. लखनौजवळच्या मलिहाबादचा दशहरी आंबा प्रसिद्ध आहे. आंब्याचे शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका, म्हणजे 'आंबे धारण करणारी, भारतीय'. पहिला शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'इंडिका'. चंदन मात्र सँटॅलम अल्बम, कारण 'सँटॅलम' नपुंसकलिंगी. मग पिंपळ 'फायकस रिलिजिओसा' कसा? शेवटी 'उस' असूनही 'रिलिजिओसा'! कारण लॅटिनमध्ये बहुतेक झाडांची नावे स्त्रीलिंगी मानतात. नियम कळला की नाव पाठ करावे लागत नाही, ते आपोआप आठवते.

लखनौमध्येच बिरबल साहनी यांची पुराजीवशास्त्र संस्था आहे. एका जीवाश्म वनस्पतीला त्यांच्या सन्मानार्थ 'पेंटॉक्सिलॉन साहनीआय' म्हणतात. शेवटचा 'आय' म्हणजे आपली षष्ठी : साहनींचे.

क्रियापदाचेही तसेच. 'येईन' एवढे म्हटले की 'मी' वेगळा सांगावा लागत नाही. येईन, येशील, येईल. वेनिआम, वेनिएस, वेनिएत. लॅटिन गद्यात क्रियापद बहुधा मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते : 'पुएल्ला आक्वाम पोर्तात', मुलगी पाणी नेते. 'आक्वा'चे 'आक्वाम' झाले, ते कर्म असल्यामुळे.

अर्थात सगळेच जुळत नाही. आपले पाणी नपुंसकलिंगी, त्यांचे 'आक्वा' स्त्रीलिंगी. नामांचे पाच गट आहेत, त्यांची रूपे पाठ करावीच लागतात. पण विभक्ती, तीन लिंगे, विशेषणाचे बदलणे या कल्पना आपल्याला नव्या नाहीत.

इथे एक काळजीची गोष्टही आहे. हिंदीत दोनच लिंगे. त्यामुळे उत्तरेत वाढणारी मराठी मुले सहज 'माझी पुस्तक' म्हणतात आणि 'ते' हळूहळू बोलण्यातून गळते. रागावून ते परत येत नाही. मात्र आल्बुस-आल्बा-आल्बुमशेजारी पांढरा-पांढरी-पांढरे लिहिले, की मुलांना कळते, आपल्या भाषेतले हे तिसरे घर रोमन लोकांकडेही होते.

या रविवारी घरातल्या पाच वस्तू निवडा. मुलांना विचारा : तो, ती की ते? मग प्रत्येकीला 'पांढरा' हे विशेषण मराठीत लावायला सांगा. आजी-आजोबांनाही खेळात घ्या. 'ते' कुठे वापरायचे हे त्यांना न विचारता येते. लॅटिनची पहिली पायरी तिथेच चढून होईल, आणि मराठीचीही एक पक्की होईल.